मन दोन ठिकाणी, सेवा एका देवाची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुधा दबक्या आवाजात विचारले जातात. विचारणारे मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कडेला उभे असलेले नसतात. संडेस्कूल घेणारे, गाणी बसवणारे, आजाऱ्यांच्या भेटीला जाणारे, कधीकधी स्वतः उपदेश करणारेही असतात. बाहेरून सगळे ठीक दिसते आणि आत भांडण चालू असते. खालच्या उत्तरांत बायबलमधले संदर्भ दिले आहेत ते उघडून पाहावेत. मी म्हणतो म्हणून काही मानू नये.

विश्वास ठेवूनही मनात एवढी ओढाताण का होते? माझे तारणच खोटे आहे का?

ओढाताण आहे एवढ्यावरून तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली सुटका, खोटे ठरत नाही. ज्याला देवाशी काही घेणेदेणेच नाही, त्याच्या मनात या बाबतीत भांडण पेटेल कशावरून? भांडायला दोन पक्ष लागतात. देहवासना आणि आत्मा एकमेकांच्या विरुद्ध आहेत, असे पौल गलतीकरांना लिहितो (5:17), आणि ज्यांना लिहितो ते विश्वास ठेवलेलेच लोक आहेत.

रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय तर अनेकांना तोंडपाठ असतो: जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नको तेच होते. हा 'मी' कोण, यावर मंडळीत शतकानुशतके वाद आहे. विश्वासात आलेला पौल, की त्याआधीचा, नियमशास्त्राखाली दबलेला माणूस? प्राचीन मंडळीतला थोर धर्मपंडित ऑगस्टीन याचे आधीचे मत दुसऱ्या बाजूचे होते. पुढे, माणूस स्वतःच्या बळावर पापापासून दूर राहू शकतो, या पेलाजियसच्या शिकवणीशी झुंजताना त्याने ते बदलले आणि हा विश्वासणाऱ्याचाच आवाज आहे असे म्हटले. आजही चांगले अभ्यासक दोन्ही बाजूंना आहेत, तेव्हा या वादाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही थांबून राहण्यात अर्थ नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. बरेच जण सातव्या अध्यायात बिऱ्हाडच थाटतात. "पौलाचेही असेच होते" म्हणून समाधान करून घेतात आणि आठवा अध्याय उघडतच नाहीत. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते तेराव्या शतकातले आहेत. त्याच्या पत्रात "मला कोण सोडवील?" हा टाहो आणि "ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही" हे वाक्य एकमेकांना लागून आहेत. एका दमात वाचा.

'पूर्ण मनाने' म्हणजे नक्की किती? माझे मन शंभर टक्के कधीच नसते.

शास्त्रातले दोन राजे शेजारी शेजारी ठेवून पाहा. अमस्याबद्दल लिहिले आहे की त्याने परमेश्वराच्या दृष्टीने नीट ते केले, पण पूर्ण मनाने केले नाही (2 इतिहास 25:2). आसाबद्दल लिहिले आहे की त्याच्या काळात उच्च स्थाने (टेकड्यांवरची पूजास्थाने) काही निघाली नाहीत, तरी त्याचे मन परमेश्वराच्या ठायी पूर्ण होते (1 राजे 15:14). कामाची यादी तपासली तर पहिल्याची चोख दिसेल आणि दुसऱ्याची अपुरी. शास्त्र मात्र उलट निवाडा देते.

म्हणजे 'पूर्ण' हे मोजमाप कामाच्या पूर्णतेचे नाही आणि भावनेच्या तीव्रतेचेही नाही. ते दिशेचे आहे. अमस्याने अदोमावर विजय मिळवला आणि हरलेल्यांचेच देव घरी आणून त्यांच्यापुढे वाकला. संदेष्टा समजवायला आला तर त्याला गप्प बसवले. एक कोपरा त्याने आधीपासून राखून ठेवला होता, आणि वेळ आली तेव्हा तो उघडा पडला.

आसाचेही पुढे सगळे गोड झाले नाही, हे सांगायला हवे. उतारवयात त्याने परमेश्वराऐवजी अरामच्या राजावर भिस्त ठेवली, आणि त्याबद्दल बोलणाऱ्या हनानी द्रष्ट्याला तुरुंगात टाकले (2 इतिहास 16). पूर्ण मन एकदा मिळाले की आयुष्यभर तसेच राहते, असे समजू नये.

दाविदाची एक प्रार्थना इथे उपयोगी पडते: तुझ्या नावाचे भय धरण्यास माझे चित्त एकाग्र कर (स्तोत्र 86:11). स्वतःचे मन आपण होऊन एकाग्र करायला त्याला जमले असते तर हे मागावे लागले नसते. पूर्ण मन ही आधी मागायची गोष्ट आहे. ते घेऊन मगच देवापुढे यायचे असे नाही.

माझ्या मनातला झगडा कोणत्या प्रकारचा आहे हे कसे ओळखू?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि सगळ्यात आधी विचारायला हवा तो हाच. आतला प्रत्येक झगडा म्हणजे पाप, अशी आपली सवय झालेली असते. मग दमलेल्या माणसाला पश्चात्ताप करायला सांगितले जाते आणि पश्चात्तापाची गरज असलेल्याला विश्रांती घ्यायला.

एलीयाचे पाहा. कर्मेल डोंगरावर तो लोकांना विचारतो, दोन मतांमध्ये कुठवर लटपटाल? आणि पुढच्याच अध्यायात स्वतः झुडपाखाली पडून मरण मागतो. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले (1 राजे 19). बोलणे त्यानंतर, लांबचा प्रवास झाल्यावर. त्याचा झगडा बऱ्याच अंशी थकव्याचा आणि एकटेपणाचा होता.

योनाचे तसे नव्हते. त्याला देवाची इच्छा स्वच्छ कळली होती, तीच त्याला मान्य नव्हती. निनवेच्या लोकांना क्षमा मिळेल याचीच त्याला चीड होती, आणि चौथ्या अध्यायात तो ते उघड बोलतो. आपल्यातल्या अनेकांचा अडसर हाच असतो. सेवा नको असे नाही, त्या अमुक माणसाबरोबर नको.

मोशेला भीती होती. देव त्याला मिसरातून आपल्या लोकांना सोडवायला पाठवत होता, तेव्हा जळत्या झुडपापाशी त्याने एकामागून एक हरकती घेतल्या: मी कोण? तुझे नाव काय सांगू? ते विश्वास ठेवतील का? मी तर जिभेचा जड! या सगळ्यांना देवाने सबुरीने उत्तर दिले. "दुसऱ्या कोणालातरी पाठव" म्हटल्यावर मात्र त्याचा राग भडकला, कारण ती हरकत नव्हती, नकार होता (निर्गम 3 व 4). तरी त्या रागातही देवाने त्याला भाऊ अहरोन याची सोबत दिली. प्रश्न विचारणे आणि अंग काढून घेणे यात फरक आहे, आणि आपण कुठे आहोत हे आपल्याला मनातून ठाऊक असते.

आणखी एक प्रकार आहे, त्याबद्दल कोणी बोलत नाही. कधीकधी आतला विरोध म्हणजे तुमचा विवेकच असतो. पुढाऱ्याने सांगितलेले काम चुकीचे आहे, हिशेब सरळ नाहीत, एखाद्यावर अन्याय होतो आहे, आणि तुम्हाला मात्र "अधीन व्हा" म्हणून सांगितले जाते. अशा वेळी मन दुभंगले ते पापामुळे नाही, तर सत्यामुळे. ते दाबून टाकणे ही भक्ती नव्हे.

ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न सुचवतो. देवाला इथे 'हो' म्हटले तर माझ्या हातून नक्की काय जाईल? उत्तर लिहून काढा. 'माझी झोप', 'माझे नाव', 'तो राग', 'ते लपवलेले नाते', 'माझा खरेपणा'. जे लिहाल त्यावरून झगड्याची जात कळते.

सेवा वाढवली की हे आतले द्वंद्व आपोआप मिटेल का?

नाही.

आणि हे ठासून सांगायला हवे, कारण मंडळीत नेमका उलटा सल्ला मिळतो. "कामाला लागा, मन लागेल." दुखऱ्या दाताला धक्का लागू नये म्हणून माणूस दुसऱ्या बाजूने चावत राहतो, तशी ही सेवा असते. दिवस निघतात, कीड आत वाढत जाते. आधी एक गट सांभाळत होता, आता तीन सांभाळतो. आधी आठवड्यातून एकदा, आता रोज संध्याकाळी. लोक म्हणतात, काय आवेश आहे! आवेश नसतोच, एकट्याने बसण्याची भीती असते. गप्प बसलो तर आतला आवाज ऐकू येईल, म्हणून माणूस धावत राहतो.

मार्थेला येशूने रागावून बाजूला केले नाही. तिचे कामही त्याने हिणवले नाही, घरी आलेल्यांना खायला तर लागणारच होते. तो म्हणाला, तू पुष्कळ गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस (लूक 10:41). बोट कामावर नाही, तिच्या अनेक ठिकाणी वाटल्या गेलेल्या मनावर होते. आणि तिने तक्रार केली कोणाची, तर बहिणीची. सेवा करताना इतरांबद्दल कुरकुर वाढू लागली, "मीच का?" हे दिवसातून अनेकदा मनात येऊ लागले, की समजावे, आपण सेवेच्या आड काहीतरी लपवतो आहोत.

माझे स्पष्ट मत आहे: द्वंद्व दाबण्यासाठी घेतलेली जबाबदारी सोडून दिली तर देवाचे काही अडत नाही. काही काळ नुसते उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसा. ते जमत नसेल, कासावीस व्हायला होत असेल, तर त्यातच तुमचे उत्तर आहे.

एकाच पापात मी पुन्हा पुन्हा पडतो. अशा स्थितीत सेवा करावी की सोडून द्यावी?

याला एकच उत्तर देणारा माणूस बहुधा नीट ऐकत नसतो. काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात.

त्या पापाने दुसऱ्या कोणाला इजा होते आहे का? पैशाची अफरातफर, घरातली मारहाण, कोणाचे शोषण, विशेषतः लहानांचे किंवा आपल्यावर विसंबून असलेल्यांचे. तसे असेल तर हा 'आतला झगडा' उरलेला नाही. ताबडतोब जबाबदारीच्या जागेवरून दूर व्हायचे, ज्याला इजा झाली त्याच्या सुरक्षिततेचा विचार पहिला करायचा, आणि जिथे कायदा लागू होतो तिथे कायद्याला सामोरे जायचे. "देवाने मला क्षमा केली" हे वाक्य त्यापासून सुटका करून घेण्यासाठी नाही. येशूला भेटलेल्या जक्कया या जकातदाराने, ज्यांचे लुबाडले त्यांना चौपट परत करण्याची भाषा केली होती.

तसे नसेल, आणि झगडा वासनेचा, रागाचा, व्यसनाचा, खोटे बोलण्याचा असेल, तर पुढचा प्रश्न असा: हे कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही, असे असेल तर तिथेच सुरुवात करा. याकोब सांगतो, आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल (5:16). देवाजवळ एकांतात कबूल करणे सोपे पडते, कारण तो आधीच जाणतो. माणसासमोर बोलताना घसा कोरडा पडतो, आणि अंधारात वाढणाऱ्या गोष्टीचा जीव तिथेच जातो. सगळ्या मंडळीसमोर उभे राहायची गरज नाही. एक भरवशाचा, तोंड मिटून ठेवणारा, प्रौढ विश्वासणारा पुरे. व्यसन असेल तर प्रार्थनेबरोबर त्यातल्या जाणकारांचे उपचारही घ्या. दोन्हींमध्ये विरोध नाही.

सेवा सोडायची का, हे तो माणूस आणि तुम्ही मिळून ठरवा. शिकवण्याच्या जागेवर असाल तर काही काळ थांबणे बहुतेकदा शहाणपणाचे असते. त्याला शिक्षा समजू नये. खुर्च्या मांडणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, हे मात्र कोणी थांबवायचे कारण नाही.

पेत्राची गोष्ट या प्रश्नाशी अगदी जवळून भिडते. त्याने येशूला नाकारले ते कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना (योहान 18). समुद्रकिनाऱ्यावर येशूने त्याला पुन्हा बोलावले तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला होता (योहान 21). नाकारणे तीनदा, "माझ्यावर प्रीती करतोस का?" हा प्रश्नही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. येशूने त्याची चूक झाकली नाही आणि ती त्याच्या तोंडावरही फेकली नाही. त्याच जागेतून त्याला चालवत नेले आणि मग म्हणाला, माझी मेंढरे चार. लक्षात घ्या, "पुन्हा कधीही पडणार नाही" असे वचन त्याने मागून घेतले नाही. तसे वचन पेत्राने त्या रात्री आपण होऊन दिले होते. त्याचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मनात शंका असताना इतरांना शिकवणे म्हणजे ढोंग नाही का?

शंका असणे ढोंग नाही. शंका नाहीच असे दाखवणे ढोंग.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी अकरा शिष्य डोंगरावर पुनरुत्थित येशूला पाहून नमन करतात, "तरी कित्येकांना संशय वाटला" (28:17). आणि पुढच्याच ओळींत त्याच माणसांना सर्व राष्ट्रांकडे पाठवले जाते. संशय फिटलेल्यांनी पुढे यावे, बाकीच्यांनी थांबावे, असे काही तिथे झाले नाही. आजारी मुलाच्या बापाचे उद्गारही तसेच: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका (मार्क 9:24). एकाच वाक्यात दोन्ही, आणि येशूने मुलाला बरे केले.

शिकवताना काय करावे? जे तुम्हाला पक्के ठाऊक आहे ते भरवशाने सांगा. जिथे अडता तिथे "याचे उत्तर मी अजून शोधतो आहे" म्हणा. वर्गातल्या तरुणांना तेवढ्या एका वाक्याने धीर येतो. मात्र रोजची ताजी शंका रोज वर्गावर ओतू नये. ती बोलायला मोठ्यांची संगत शोधावी. स्तोत्र 88 अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते, तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवले गेले. एवढी जागा शास्त्रात आहे.

देवाची इच्छा एक, माझी दुसरी. असे वाटणे हेच पाप आहे का?

गेथशेमाने बागेत येशूने प्रार्थना केली: होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. एकदा म्हणून भागले नाही. तीनदा तो तिथे गेला आणि तेच बोलला (मत्तय 26). जो निष्पाप होता त्याच्याही मनाला तो प्याला नको वाटला.

प्राचीन मंडळीने यावर मोठी किंमत मोजली आहे. सातव्या शतकात काहींचे म्हणणे होते की ख्रिस्ताला एकच इच्छा होती, दैवी. मॅक्सिमस नावाच्या संन्याशाने याला कडाडून विरोध केला. येशूला खरी मानवी इच्छा नसेल, तर आपली इच्छा बरी कशी होणार? या हट्टापायी त्याची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आले, आणि 662 मध्ये तो हद्दपारीत मेला. पुढे 680–681 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याचीच बाजू मान्य केली: ख्रिस्तामध्ये दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेच्या अधीन चालते.

आपल्या रोजच्या झगड्याशी याचा थेट संबंध आहे. माझी इच्छा मारून टाकणे म्हणजे समर्पण, असे शिकवले गेले तर माणूस आतून कोरडा तरी होतो नाहीतर खोटा. गेथशेमानेत इच्छा मारली गेली नाही. ती मोठ्याने बोलली गेली, घाम आणि अश्रूंसह, आणि मग बापाच्या हाती दिली गेली. तेव्हा "प्रभू, मला हे नको आहे" असे प्रार्थनेत म्हणायला घाबरू नका. तिथेच थांबू नका, इतकेच. आणि एकटे जाऊ नका. येशूनेही तिघांना जवळ राहायला सांगितले होते. ते झोपी गेले, हा भाग वेगळा.

पूर्ण मनाने सेवा करायची तर नोकरी आणि घरदार सोडून पूर्णवेळ सेवेत जावे लागते का?

काहींना जावे लागते. सगळ्यांना नाही. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता (प्रेषित 18:3). "जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो, पण ते मुळात दासांना उद्देशून आहे (कलस्सै 3:22–24). काम निवडण्याची मुभाच नसलेल्या लोकांना. त्यांची सेवा अर्धी आहे असे पौलाला वाटले नाही.

उलट दिशेचा धोका जास्त वाटतो. घरच्या जबाबदारीचा कंटाळा आला म्हणून माणूस 'पाचारण', म्हणजे देवाचे बोलावणे, पुढे करतो. आईबापांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे, कुर्बान आहे, असे म्हणणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत फटकारले (मार्क 7:9–13). नांगराला हात घालून मागे पाहू नये हेही त्याचेच शब्द, हे खरे (लूक 9:62). दोन्ही वाक्ये एकाच प्रभूची आहेत, म्हणून दोन्ही ऐकावी लागतात. निर्णय घेण्यापूर्वी घरच्या माणसांना विचारा की त्यांना हे पाचारण वाटते की पळवाट. त्यांचे उत्तर शेवटचे नसेल, पण ते ऐकून न घेता निघू नये.

मन डळमळीत असताना मोठा निर्णय कसा घ्यावा?

शक्यतो घेऊ नये.

इग्नेशियस लोयोला हा सैनिक 1521 मध्ये पाम्प्लोना इथे तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला होता. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी: दरबारातल्या पराक्रमाची, आणि संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही गोड वाटत. पण पहिल्यानंतर मन सुके पडे आणि दुसऱ्यानंतर प्रसन्न राही, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्याने जो नियम घालून दिला तो पंथाच्या पलीकडे सर्वांनी घेण्याजोगा आहे: मन उदास, कोरडे, अस्वस्थ असताना आधीचा चांगला निर्णय बदलू नका.

रात्री उशिरा राजीनाम्याचे पत्र लिहू नये, एवढे तरी पाळा. लिहिलेच तर धाडू नका. मन निवळले, शास्त्र आणि जाणत्यांचा सल्ला त्याच दिशेला बोट दाखवू लागले, आणि तरीही तेच करावेसे वाटले, तर पुढे जा.

मी देवासाठी करतो की लोकांच्या नजरेत भरण्यासाठी, हे माझे मलाच कळत नाही.

कोणाचा हेतू निर्भेळ असतो? हेतू शंभर नंबरी होईपर्यंत थांबाल तर भुकेल्याला जेवण कधीच मिळणार नाही. पौलाने तर हेव्याने सुवार्ता सांगणाऱ्यांबद्दलही, ख्रिस्त गाजवला जातो ना, असे म्हणून आनंद मानला (फिलिप्पै 1:15–18). दर आठवड्याला एखादे काम असे करा की जे कोणाला कधीच कळणार नाही. आणि तेही नंतर साक्षीत सांगू नका.

बाप्तिस्मा होऊन वर्षे झाली. तरी मन अजून अर्धेच का वाटते?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्यांच्यासारख्या विदुषीने विचार न करता पाऊल टाकले असेल असे कोणी म्हणणार नाही. तरी पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी भेटला. तोवरची वर्षे खोटी होती असे नाही. त्या सत्याच्या मागे चालतच होत्या.

ऑगस्टीनची अडचण निराळी. त्याला पटले सगळे होते. तरुणपणी तो प्रार्थना करी, मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. 386 मध्ये मिलानच्या बागेत तो झगडा तुटेपर्यंत ताणला गेला, आणि पुढच्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचे निरीक्षण मार्मिक आहे: मन शरीराला हुकूम करते आणि हात लगेच हलतो, पण मन मनालाच हुकूम करते तेव्हा ते ऐकत नाही, कारण हुकूमच अर्ध्या मनाने दिलेला असतो.

तुमचे यातले कोणते आहे ते पाहा. ओळख राहून गेली आहे, की ओळख आहे आणि 'इतक्यात नको' चालले आहे? पहिल्याला शुभवर्तमान पुन्हा नव्याने, सावकाश वाचायला घ्यावे. दुसऱ्याला वाचन वाढवून उपयोग नाही. त्याने ती एक गोष्ट आज करावी.

ही आध्यात्मिक लढाई आहे की मानसिक आजार?

दोन्ही असू शकते, आणि एक असले की दुसरे नसतेच असेही नाही. झोप उडणे, भूक मरणे, कशातच रस न वाटणे, क्षमा मागूनही तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावेसे वाटणे, नको ते निंदेचे विचार आपोआप मनात घुसणे, हे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा. पुढे प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा पुढारी झालेला ल्यूथर तरुणपणी मठात तासन्‌तास पापे कबूल करी आणि बाहेर पडताच नवी आठवून परत येई. त्याचे वडीलधारे मार्गदर्शक स्टाउपिट्झ यांनी त्याला पापांच्या यादीवरची नजर काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे लावायला सांगितले. तो सल्ला आजही लागू आहे. औषधाची गरज असेल तिथे तो औषधाच्या जागी देऊ नये.

जीव नकोसा वाटत असेल, तर हे वाचणे थांबवा आणि आत्ता, याच घडीला कोणालातरी फोन करा. एकटे राहू नका.

ही लढाई कधी संपणार?

या बाबतीत मंडळ्यांचे एकमत नाही. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याची शिकवण अशी की देव याच आयुष्यात माणसाला प्रीतीत परिपूर्ण करू शकतो. ल्यूथर आणि कॅल्व्हिन या धर्मसुधारकांच्या परंपरेत, झगडा मरेपर्यंत राहतो असे मानतात. पौल तुरुंगातून लिहितो की मी मिळवून चुकलो असे नाही, पण मी धावतो आहे (फिलिप्पै 3:12). मी स्वतः दुसऱ्या बाजूकडे झुकतो. पण पहिल्यांची एक गोष्ट मला पटते: 'मरेपर्यंत राहणारच' म्हणून माणूस लढणेच सोडतो, तेव्हा त्याला वेस्ली ऐकवायला हवा.

पाळकांशी किंवा कोणाशीही हे बोलायची लाज वाटते. सुरुवात कशी करू?

सगळे सांगायचे ठरवून जाऊ नका, म्हणजे जाणे होईल. पाळकच पाहिजेत असे नाही. मंडळीतली एखादी मावशी, जुने वडीलधारे, दुसऱ्या मंडळीतला मित्र, फादर, सिस्टर, ज्यांच्या तोंडून तुम्ही दुसऱ्या कोणाचे गुपित कधी ऐकले नाही असे कोणीही चालेल. उपासनेनंतरच्या गर्दीत विषय काढू नका, वेळ मागून घ्या. भेटल्यावर एवढेच म्हणा: "माझ्या मनात बरेच दिवस एक गोष्ट आहे. आज अर्धीच सांगेन. लगेच उपाय सांगू नका, आधी ऐकून घ्या." समोरचा ऐकण्याआधीच वचने फेकू लागला, तर आभार मानून उठा आणि दुसरे माणूस शोधा.